पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा

‘हा चित्रपट सत्य घटनेवर आधारित आहे’ अशी पाटी पडद्यावर आली, की मी खुर्चीत सावरून बसते आणि मागच्या-पुढच्या रांगांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारते, “कुणाच्या सांगण्यावरून?” माझा भाचा कपाळाला हात लावतो. “मावशी, प्लीज. लोक बघतायत.” बघू देत की. पडद्यावरच्यापेक्षा माझं काम बरं असतं. मग नायक आगीतून बाहेर येतो, केसांचा भांग शाबूत, आणि मी पुटपुटते, “कंगवाही वाचवलेला दिसतोय.” घरी टीव्हीपुढेही माझी हीच तऱ्हा. आठ चौकटींमध्ये आठ माणसं एकाच वेळी ओरडत असतात, खाली लाल पट्टीवर ‘सत्य आमच्याकडे’ असं सरकत असतं, आणि मी म्हणते, “अहो, तुमच्याकडे असेल तर आत ठेवा, बाहेर कुठे हिंडू देऊ नका.” हा रोग मला माझ्या वडिलांकडून लागला. पण ते पुढेपुढे गप्प झाले आणि मी मात्र बोलत राहिले. त्यामागे एक आग आहे, एक देखावा आहे, आणि अण्णांनी जन्मात कधी न घातलेला एक पायजमा आहे.

आम्ही शनिवार पेठेत, एका अरुंद गल्लीतल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या आणि रस्त्यावरची गॅलरी. खाली दुकानाच्या गाळ्यात युसूफचाचांचं बुकबाइंडिंग. त्यांच्या आजोबांपासून ते त्याच पेठेत होते आणि त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं. सकाळी जाग यायची ती त्यांच्या कागद कापायच्या मशिनच्या ‘कच्च’ अशा आवाजानं आणि जिन्यातून वर येणाऱ्या खळीच्या वासानं. मैदा आणि मोरचूद यांची ती शिजणारी खळ. आमच्या आमटीला तो वास लागतो अशी आईची तक्रार होती आणि चाचींची तक्रार होती की त्यांच्या खळीला आमच्या फोडणीचा वास लागतो. गाळ्याच्या वर पोटमाळा होता. तिथे चाचा, जुबेदाचाची आणि त्यांची लहानगी शबाना राहायची. कोपऱ्यावर पिठाची गिरणी, तिची घरघर सुरू झाली की गॅलरीतला माणूस आपोआप आवाज चढवून बोलायचा. अण्णांचा आवाज मुळातच चढा असल्यामुळे त्यांना गिरणीचा त्रास नव्हता; गिरणीलाच अण्णांचा असावा.

अण्णा खडकीला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात कारकून होते. रोज लोकलनं जायचे, डब्यातली पोळी-भाजी संपवून परत यायचे, आणि नोकरीबद्दल घरी अवाक्षर काढायचे नाहीत. त्यांचं खरं काम रविवारी सकाळी असे. गॅलरीत आरामखुर्ची, मांडीवर फोडणीच्या पोळीची ताटली, हातात वर्तमानपत्र. ते बातमी मोठ्यानं वाचायचे, मग चष्म्यावरून खाली गल्लीत बघायचे, आणि शेरा मारायचे. खाली चाचा कामाचे हात थांबवून उभे, गिरणीवाला दारात, चार-दोन जण सायकली टेकवून. “‘रस्त्याचे भूमिपूजन संपन्न.’ तिसऱ्यांदा. आता तो खड्डाच मंत्र म्हणू लागेल.” “‘पाणीपुरवठा सुरळीत असल्याचा दावा.’ दाव्याचा पुरवठा सुरळीत आहे, पाण्याचं विचारू नका.” “‘चोर पुढे पळाले, पोलीस मागावर.’ हा क्रम मात्र यांचा कधी चुकत नाही.” खालून हशा यायचा आणि अण्णा तो ऐकूच आला नाही असा चेहरा करून पोळीचा घास घ्यायचे. मी आत उंबऱ्यावर बसून त्यांच्या थांबण्याच्या जागा पाठ करायची. बोलणं कुणालाही येतं. कुठे थांबायचं ते अण्णांना येत होतं.

श्रावणातल्या अशाच एका रविवारी चाचांचं मशिन ‘कच्च’ऐवजी ‘चर्रर’ असं वाजलं. चाचा कुणाच्या तरी वह्या पोचवायला गेले होते, त्यांचा कारागीर मशिनवर होता. मोटारीतून ठिणग्या उडाल्या, खालच्या कातरणांनी पेट घेतला, आणि कारागीर बाहेर येऊन “आग! आग!” एवढंच म्हणत राहिला. पोटमाळ्यावर चाची आणि शबाना. माणसं बादल्या घेऊन धावली. अण्णा खाली उतरले, आत एकदा पाहिलं आणि ओरडले, “पाणी टाकू नका! थांबा, पाणी टाकू नका!” आणि आगीकडे पाठ करून गल्लीच्या तोंडाकडे पळत सुटले.

त्यांच्या मागे पळाले ती एकटी मी. म्हणून मला ठाऊक आहे. इमारतीचे मीटर आणि मेन स्विच मागच्या बोळात होते, आणि तिथे जायला गल्लीतून बाहेर पडून, गिरणीला वळसा घालून जावं लागे. कारखान्यात त्यांना घोकून घोकून शिकवलेलं होतं, विजेची आग असेल तर आधी वीज, मग पाणी. जाताना त्यांनी जिन्यातली कपडे वाळत घालायची काठी उचलली होती, लोखंडी खटक्याला हात लावायला नको म्हणून. त्या काठीच्या टोकाला आईचा परकर फडफडत होता आणि अण्णा तो झेंड्यासारखा मिरवत... नाही. खरं सांगते, परकर मी मागाहून घातला. सांगताना लोक हसतात म्हणून घातला, आणि आता तो निघत नाही. काठी मात्र खरी आहे. बोळातल्या पिंपावर चढून त्यांनी काठीनं खटका खाली ओढला, इमारतीतले सगळे रेडिओ एकदम बंद पडले, आणि अण्णा पिंपावर तसेच उभं राहून धापा टाकत म्हणाले, “शुभे, पळ, जाऊन सांग, टाका म्हणावं पाणी.” मी पोचले तोवर कुणीतरी आधीच टाकायला सुरुवात केली होती. त्या माणसाला विजेचा झटका का बसला नाही, हे त्याला आजतागायत ठाऊक नाही.

आणि चाचींना कुणी वाचवलं? चाचींनी. त्यांनी पोटमाळ्याच्या खिडकीतून शबानाला खाली आईनं आणि शेजारणींनी ताणून धरलेल्या गोधडीत टाकलं, मग स्वतः दुकानाच्या पाटीला लोंबकळून उतरल्या. पाटी वाकली. चाचांनी ती पुढे कधी सरळ केली नाही, म्हणायचे, “अण्णा, माझ्या बायकोचं वजन आहे त्या पाटीला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, वार सोमवार असूनही, अण्णा वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसले. आपल्या गल्लीची बातमी आली होती ना! खाली नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. अण्णांनी घसा साफ केला. “‘शनिवार पेठेत बाइंडिंगच्या दुकानास आग. स्थानिक कार्यकर्त्यांच्या तत्परतेने मायलेकी बचावल्या.’ पाहा, कार्यकर्ते आगीतसुद्धा आधी पोचतात, बंब नंतर.” हशा. “‘एका रहिवाशाने पाणी टाकण्यास विरोध केला व नंतर त्याने घाबरून पळ काढला, असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले.’ असे नमुने असतातच. आग दुसऱ्याकडे, आणि घाम...” इथे ते थांबले. ही त्यांची नेहमीची थांबण्याची जागा नव्हती. खाली कुणी हसलं नाही. सगळे वर बघत होते. अण्णांनी घडी घातली, घडीवर घडी घातली, पत्र पाकिटाएवढं झालं, आणि ते आत आले. आईनं चहा पुढे केला. म्हणाले, “गार झाला.” चहातून वाफा निघत होत्या.

गणपती जवळ आले होते. आमच्या गल्लीतलं मंडळ दरवर्षी जिवंत देखावा करायचं. ज्यांनी पुण्यातले हे देखावे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: गणपतीशेजारी रंगमंच, त्यावर गल्लीतलीच पोरं वेश करून उभी, आणि संवाद सगळे आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले. कॅसेट वाजते, पोरं नुसती ओठ हलवतात. खेळ संपला की पडदा, की पुढची गर्दी, की पुन्हा तोच खेळ. संध्याकाळभर. देखावा लिहायचे आणि बसवायचे विलासदादा, बँकेत नोकरीला असलेले आणि स्वतःला रंगभूमीनं गमावलेलं रत्न मानणारे. त्या वर्षी त्यांनी विषय जाहीर केला, ‘अग्निदिव्य: आपल्या गल्लीतील सत्यघटना.’ मला काम मिळालं. शेजारीण. मी सतरा वर्षांची, आनंदानं गिरक्या घेत घरी आले. कॅसेट ऐकली ती थेट तालमीला.

देखाव्यात चाची बेशुद्ध पडल्या होत्या. त्यांना खांद्यावर घेऊन ज्वाळांतून बाहेर येत होते मंडळाचे माजी अध्यक्ष भाऊसाहेब, जे त्या सकाळी मार्केट यार्डात भंडाऱ्याच्या बटाट्यांचा भाव करत होते. आणि एक रहिवासी होता. नाव नव्हतं. डोळ्यांवर चष्मा, हातात वर्तमानपत्र, अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. पायजमा विलासदादांचा स्वतःचा होता. काम करणार बंड्या, गिरणीवाल्याचा थोरला. तो थरथर कापत “पाणी नको, पाणी नको!” असं म्हणून पळणार, आणि शेजारणीनं, म्हणजे मी, हातातली बांगडी काढून त्याच्यामागे भिरकावायची आणि म्हणायचं, “अहो, पळता कुठे? थांबा, या बांगड्या तरी भरून जा!” आवाज विलासदादांच्या बायकोचा. ओठ माझे.

“विलासदादा, असं झालंच नाही. अण्णा मेन स्विच बंद करायला गेले होते. मी पाहिलंय.”

“मला ठाऊक आहे गं शुभे,” विलासदादा म्हणाले, आणि हे मला फार लागलं, की त्यांना ठाऊक होतं. “पण स्विच कुठे आहे? मागच्या बोळात. माझा रंगमंच केवढा? त्यात बोळ बसत नाही. आता जो रंगमंचावरून गेला तो पळाला, याला माझा नाइलाज आहे. शिवाय सगळेच थांबले, तर भाऊसाहेब थांबले हे उठून कसं दिसणार?”

“मग सत्यघटना कशाला म्हणता?”

“सत्यघटना नाही म्हणत. सत्यघटनेवर आधारित. आधार तिचा, इमारत आपली.”

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर चित्रपटगृहांत, टीव्हीवर, फोनवर येणाऱ्या निरोपांत ऐकत आले. दर वेळी शब्द वेगळे आणि कपडे महागाचे.

घरी येऊन मी सांगितलं की मी काम सोडते आहे. आई तर जिन्यावरूनच विलासदादांच्या घरी निघाली होती. “अहो, तुम्ही स्वतः जाऊन एकदा सांगा ना त्यांना! तोंडाला काय कुलूप लागलंय?”

“काय सांगू? ‘मी पळालो नव्हतो’ असं म्हणत दारोदार हिंडणारा माणूस कसा दिसतो, ठाऊक आहे? धापा टाकणारा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू काम सोडायचं नाहीस. सोडलंस तर म्हणतील, मुलगीही बापावर गेली.”

जुबेदाचाची खळीच्या हातानं वर आल्या होत्या, त्यांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, “आणि मी बेशुद्ध कधी पडले म्हणते मी? मला वेळ कुठे होता?” अण्णा हसले. त्या दिवसांतलं त्यांचं ते शेवटचं हसणं.

देखावा गाजला. पेठा-पेठांतून लोक आले. भाऊसाहेब ज्वाळांतून, म्हणजे पंख्यावर उडणाऱ्या नारिंगी पताकांमधून, बाहेर यायचे तेव्हा टाळी. बंड्या पळायचा तेव्हा हशा. आणि माझ्या बांगडीला तर शिट्ट्या. खोटं कशाला सांगू, त्या शिट्ट्या कानाला गोड लागायच्या. बांगडी पितळेची होती, रंगमंचावरून घरंगळत रस्त्यावर जायची, आणि कुणीतरी ती परत आणून द्यायचं. एका संध्याकाळी ती सापडलीच नाही. जेवायला बसले तर माझ्या ताटाशेजारी ठेवलेली. अण्णा वरण-भात कालवत होते. “तुझी राहिली होती,” म्हणाले. म्हणजे ते गर्दीत उभे राहून रोज पाहत होते. आईनं लिंबू पिळायच्या निमित्तानं मान खाली घातली. तोवर गल्लीतली पोरं अण्णा दिसले की “पाणी नको, पाणी नको!” करू लागली होती. ज्यांनी आग डोळ्यांनी पाहिली होती अशी मोठी माणसंसुद्धा अण्णांना बघून नजर चुकवायची, कारण रोज संध्याकाळी पाहून पाहून त्यांना आता आगीपेक्षा देखावाच जास्त आठवत होता. आणि रविवार आला तरी अण्णा गॅलरीत बसले नाहीत. खाली चाचा वर बघत उभे राहिले, गिरणीवाला दारात आला, आणि मग दोघे आपापल्या कामाला गेले. गिरणी त्या दिवशी फार मोठ्यानं वाजते आहे असं मला वाटलं.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी कॅसेटनं दगा दिला. बंड्या “पाणी नको!”वर आला, आणि आवाज घोगरा होत होत, एखाद्या म्हशीनं जांभई द्यावी तसा लांबला आणि बंद पडला. टेप आतल्या आत गुंडाळली गेली होती. रंगमंचावर आम्ही सगळे तोंड उघडं ठेवून उभे. विलासदादा विंगेत कॅसेटच्या पोटात पेन्सिल घालत होते. समोर गच्च गर्दी, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, कारण पुढचं वाक्य माझं. बांगडी माझ्या हातात. आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडावर दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता.

गर्दीत अण्णा दिसले. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, हात मागे बांधून.

मी बांगडी पुन्हा मनगटात घातली आणि बंड्याकडे न बघता, गर्दीच्या डोक्यांवरून ओरडले, “अहो, मेन स्विच बंद केलात का?”

बंड्या सवयीनं पळून गेला. आणि पायरीवरून अण्णांचा आवाज आला, रविवारचा, गिरणीच्या वरचा.

“केला! टाका आता पाणी!”

मी वाट पाहिली. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, हो खरंच की, हेच झालं होतं. आणि सबंध गल्ली हसली. इतकी हसली की पताका हलल्या. लोकांना वाटलं, हा देखाव्याचाच भाग आहे. पळपुटा गर्दीत जाऊन बसलाय आणि तिथून हुकूम सोडतोय! टाळ्या थांबेनात. विलासदादा पेन्सिल टाकून पायरीपाशी धावले आणि अण्णांचे दोन्ही हात धरून म्हणाले, “अण्णा, कमाल केलीत! हे ठेवू या. उद्या मिरवणुकीतही असंच ओरडा.” अण्णांनी हात हळूच सोडवून घेतले. “उद्या आवाज बसलेला असेल माझा,” म्हणाले.

घरी जाताना मी त्यांच्या बरोबरीनं चालत होते. जिन्यापाशी आल्यावर म्हणाले, “तुझी थांबण्याची जागा बरोबर होती, शुभे. लोक चुकले.”

पुढच्या रविवारी ते गॅलरीत बसले. खाली माणसं जमली. अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि मोठ्यानं वाचलं, “मार्केट यार्डातले भाव. कांदा, आवक वाढली. बटाटा, स्थिर. कोथिंबीर, कडाडली.” आणि शेरा न मारता घडी घातली. नंतरची सगळी वर्षं ते तेवढंच वाचत आले. कुणी विचारलं तर म्हणायचे, “हे छापणाऱ्याला दुपारी मंडईत जावं लागतं. तो खोटं लिहिणार नाही.” ते गेले त्या आठवड्यातही त्यांनी मला दवाखान्यात विचारलं होतं, कोथिंबीर उतरली का.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. एक मुलगी घरी आली, अन्वी नावाची, हसरी, पाठीवर मोठी बॅग. जुन्या पुण्यावर एक वेब मालिका करतायत. “मॅम, सगळं रिअल इन्सिडेंट्सवर आहे. रिसर्च एकदम सॉलिड पाहिजे.” विलासदादांच्या मुलानं त्या देखाव्याची जुनी चित्रफीत इंटरनेटवर टाकली आहे म्हणे. तिनं ती मला फोनवर दाखवली. नारिंगी पताका, बंड्या, आणि बांगडी भिरकावणारी एक हडकुळी पोरगी. “हे आमचं मेन फूटेज आहे. तुम्ही तेव्हा तिथे होतात ना? तो जो माणूस पळाला, तो कसा दिसत होता?”

मी खुशीत आले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न अखेर कुणीतरी विचारत होतं. नाटकी ढंगानं डोळे मिटले, आता सांगते बघ, म्हणून. आणि डोळ्यांपुढे बंड्या आला. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, बनियन, हातात वर्तमानपत्र. मी पुन्हा मिटले. पुन्हा तोच. अण्णा घरी धोतर नेसायचे की साधा पांढरा लेंगा घालायचे, हेही आठवेना. मी त्यांच्या मागे पळाले होते, मला त्यांची पाठ दिसायला हवी होती, आणि दिसत होती ती बंड्याची.

घाबरून मी तिच्यासमोरच चाचींना फोन लावला. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. चाची आता शबानाकडे कोंढव्यात असतात, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. “चाची, मी शुभा. आगीच्या दिवशी अण्णांच्या अंगात काय होतं हो?”

“पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा,” चाची तत्काळ म्हणाल्या.

“तुम्ही पाहिलात?”

“मी कशी पाहणार बेटा?” पलीकडून आवाज आला, अगदी सहज, तांदूळ निवडता निवडता सांगावं तसा. “मी तर बेशुद्ध होते ना.”

मी फोन खाली ठेवला. अन्वीचं पेन तयार होतं. “काय म्हणाल्या, मॅम? मॅच होतंय ना?”

खिडकीतून रस्त्यावरचा गोंगाट येत होता. मी आठवू लागले, बंड्याच्या हातात काय काय नव्हतं. देखाव्यात बोळ नव्हता. पिंप नव्हतं. जिन्यातली ती काठी नव्हती. विलासदादांना ती ठाऊकच नव्हती, म्हणून त्यांना ती घेता आली नाही.

“लिही,” मी म्हटलं. “माणूस पळाला. लिहिलंस? आता मला विचार, कुठे.”

“कुठे?” तिनं विचारलं.

मी डोळे उघडे ठेवले आणि काठीपासून सुरुवात केली. परकर वगळला.